आत्याबाईंच्या उपासाचं खरं कारण

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, कराडजवळच्या आमच्या गावात बाया वाकून नमस्कार करायच्या. का, तर उपास फार! लग्न असो की बाजार, घराबाहेर पडायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून साबुदाणा नि केळं, दुसरं काही नाही. मलाही ती भक्तीच वाटायची.

सत्तर सालानंतरची गोष्ट. पाटणला दिलेल्या नणंदेचं डोहाळजेवण महिन्यावर आलेलं. तिचं कार्ड आलं, आई आल्याशिवाय मी ओटी भरून घेणार नाही. आणि आत्याबाई म्हणाल्या, "मी न्हाई येत. तुमी जावा."

ओढ्यावर धुणं धुताना त्यांचं लुगडं मी उचललं, तर त्यांनी हिसकावूनच घेतलं, पण डाग मला दिसलाच. मग मी सरळ विचारलं, "आवं आत्याबाई, लुगड्यात होतंय का?"

आधी चिडल्या, मग रडल्या. "कळतच न्हाई गं कवा होतंय. यष्टीत झालं तर लेकीच्या सासरी त्वांड कसं दावू?"

जुलाबच समजून त्या वर्षभर जायफळ, कात, बेलाचा मुरंबा असलं बांधणारं खात होत्या. पोटात काही नको म्हणून वर उपास! माझं माहेर सांगलीशेजारच्या माधवनगरचं. तिकडं जायचं निमित्त करून मी त्यांना सांगलीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

बाईंनी हातमोजा घालून तपासलं. "आजी, हे जुलाब नाहीत, उलट आहे. आत घट्ट मळ अडकलाय, त्याच्या कडेनं पातळ पाझरतंय."

"म्हंजी पाण्याच्या पाटात ढेकूळ बसल्यागत?"

"अगदी! आणि तुम्ही वरनं आणखी ढेकळं टाकताय."

वर्षात पहिल्यांदा आत्याबाई खळखळून हसल्या.

दोन दिवस एनिमा दिला. पुढं पालेभाजी, पपई, भरपूर पाणी, आणि सकाळच्या चहानंतर लागो न लागो, जाऊन बसायचं. बाळंतपणांनी सैल झालेल्या जागेसाठी व्यायाम: वारा अडवल्यासारखं आवळायचं, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. "सगळ्यांचं कारण एकच नसतं," बाई मला म्हणाल्या, "कुणाला बाळंतपणात फाटलेलं असतं, कुणाला साखरेचा आजार. म्हणून आधी तपासायचं, मग औषध."

आत्याबाई भाकरी थापता थापता आकडे मोजायच्या. काही विचारलं की नुसता पिठाचा हात वर. सासरे म्हणायचे, "ही मुकी झाली का काय?"

तिसऱ्या आठवड्यात लुगडी कोरडी राहायला लागली. पाटणला निघाल्या तेव्हा घडी घातलेलं जुनं धडुतं पिशवीत होतंच, पण लागलं नाही. लेकीची ओटी त्यांनी स्वतःच्या हातानं भरली.

"आई, वरीसभर का गं आली न्हाईस?" नणंदेनं विचारलं.

आणि काय सांगू, भरल्या बायकांत आत्याबाईंनी सगळं सांगून टाकलं, ढेकळासकट! मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात नणंदेची सासू सरकत सरकत जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ईहीणबाई, त्या डाक्टरणीचा पत्ता सांगा की जरा."