कल्याणचा शांतता मोर्चा, ठाण्याचा प्राइड आणि पप्पा

नाताळची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली आणि ऑफिसातले निम्मे लोक गोव्याला निघाले. मी आणि अजिंक्यने कल्याणला जायचं ठरवलं. या ब्लॉगवर आजवर मी किल्ले, घाट आणि फार तर एखादा समुद्रकिनारा लिहिलाय. कल्याणला कोणी फिरायला जात नाही हे मला माहीत आहे, मी तिथेच वाढलोय. पण आपल्या माणसाला घेऊन आपल्या घरी जायचंय, असं म्हणणारे काही वाचक आहेत. ते मेसेज करतात, बहुतेक नाव न सांगता. हे त्यांच्यासाठी.

रविवारी ठाण्यात तलावपाळीवरून समलिंगी माणसांचा छोटा प्राइड मोर्चा निघणार होता, तो एक हेतू. दुसरा म्हणजे पप्पांचा फोन. पप्पा महापालिकेच्या शाळेतले निवृत्त मास्तर, अख्खी वस्ती त्यांना सर म्हणते. शनिवारी ते कल्याणात युद्धाविरुद्ध शांतता मोर्चा काढणार होते. फोनवर म्हणाले, "अजिंक्यचं अक्षर चांगलं आहे ना? त्यांनाही घेऊन ये. फलक लिहायचे आहेत." आम्ही नऊ वर्षं एकत्र राहतोय. पप्पांनी त्याला पहिल्यांदा बोलावलेलं.

पुण्याहून पहाटे निघालात तर एक्स्प्रेसवे मोकळा मिळतो. कळंबोलीला बाहेर पडून तळोज्याकडून शीळफाटा गाठायचा आणि तिथे पाऊण तास जाणारच असं धरून चालायचं. नाश्ता आधीच उरका, कारण तिथे गाडी अडकली की शेंगदाणे आणि मोबाईलचे चार्जर एवढंच मिळतं. त्या ट्रॅफिकमध्ये अजिंक्यने कानातली बाळी काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. मी म्हणालो, कशाला काढतोस.

"पहिल्यांदा बोलावलंय रे त्यांनी," तो म्हणाला.

आमचं घर कल्याण पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईने ओल्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी केलेली. तिने अजिंक्यला न विचारताच दुसऱ्यांदा वाढलं. पप्पा त्याला "या, बसा, प्रवास कसा झाला तुमचा" असं म्हणाले. ते त्याला अहो-जाहोच करतात. माझ्या बाकीच्या सगळ्या मित्रांना अरे-तुरे करतात, हा एकटाच "तुम्ही" आहे.

दुपारभर टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालू होत्या. त्या दूरदेशातल्या उद्ध्वस्त शहरांची नावं पप्पांना आमच्या भागातल्या गल्ल्यांसारखी पाठ आहेत. एका ढिगाऱ्यातून लहान मूल बाहेर काढताना दाखवलं, तेव्हा ते चष्मा काढून डोळे पुसत बसले. त्यात नाटक काही नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. मी लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मोर्च्यांना गेलोय. पोराचा चेहरा दिसला पाहिजे म्हणून ते मला नेहमी पहिल्या रांगेत न्यायचे. सहा वर्षांपूर्वी मी त्यांना अजिंक्यबद्दल सांगितलं, तेव्हा ओरडले नाहीत की रडले नाहीत. एवढंच म्हणाले की ठीक आहे, आपल्यातच राहू दे. त्यानंतर तो विषय आपल्यातच राहिला, म्हणजे कुठेच राहिला नाही.

शनिवारी सकाळपासून अजिंक्य फरशीवर बसून फलक लिहीत होता. बावीस फलक लिहिले, गुडघे आखडले त्याचे. पप्पा मजकूर सांगत होते आणि तो लिहीत होता. एकदा पप्पांनी त्याच्या हातातला ब्रश घेऊन एक वेलांटी दुरुस्त केली, तेव्हा दोघंही हसले. आई दारातून बघत होती. मला वाटलं, झालं, जमलं. असं वाटून घेऊ नका.

मोर्चा संध्याकाळी काळ्या तलावापर्यंत गेला. फिरायला काळा तलाव चांगला आहे, संध्याकाळी वारा असतो आणि कडेला भेळ बरी मिळते. तिथे मोरेकाका भेटले. हे पप्पांचे चाळीस वर्षांचे मित्र, ठाण्याच्या कोर्टात क्लार्क होते, राहतातही तिकडेच. पप्पांनी ओळख करून दिली, हे संदेशचे मित्र, मुद्दाम पुण्याहून आलेत, सगळे फलक यांचेच. मोरेकाकांनी अजिंक्यची पाठ थोपटली. तलावाकाठी पप्पा पाच मिनिटं बोलले. ज्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत, त्यांच्यासाठी आपण आज चाललो, असं म्हणाले. माझ्या अंगावर काटा आला. ते फार चांगलं बोलतात.

त्याच बळावर मी जेवताना विचारलं, उद्या ठाण्याला आमच्याबरोबर याल का? चालू नका, नुसते उभे राहा. आईचा हात ताटातच थांबला. पप्पांनी पाणी प्यायलं आणि विचारलं, "किती वाजता आहे?"

रविवारी पत्रीपुलावरून दुर्गाडी, कोनगाव, मग बायपासने माजिवडा असे गेलो. सुट्टीच्या सकाळी हा रस्ता तासाभरात होतो. गाडी स्टेशनपासून लांबच लावा, तलावपाळीला जागा मिळत नाही. नौपाड्यात मिसळ खाल्ली. पप्पांनी कमी तिखट मागवली आणि तरी घाम पुसत संपवली. अजिंक्यने बाळी परत घातलेली. पप्पांनी ती पाहिली.

मोर्च्यात दोन-अडीचशे माणसं असतील. ढोल होता, रंगीत छत्र्या होत्या. एका मुलीची आई मुलीचा फोटो काढता काढता स्वतःच रडत होती. पप्पा आमच्या मागे, अगदी कडेने चालले. हात मागे बांधलेले, शाळेत मैदानावर फिरायचे तसे. दहा मिनिटं चालले. ती दहा मिनिटं मी इथे नोंदवून ठेवतोय, कारण तीही खरी आहेत.

राममारुती रोडच्या जरा आधी मी वळून पाहिलं तर ते नव्हते. शोधायला मागे गेलो. ते फुटपाथवर होते आणि समोर हातात भाजीची पिशवी घेऊन मोरेकाका. मध्ये एक रिक्षा उभी होती, तिच्या मागे मी थांबलो. का थांबलो ते मलाही माहीत नाही.

मोरेकाका विचारत होते, "सर, तुम्ही इकडे कुठे? आणि हे काय चाललंय?"

"काही कल्पना नाही," पप्पा म्हणाले. "मी कोर्टाच्या कामाला आलो होतो."

रविवार होता. मोरेकाकांची तीस वर्षं त्या कोर्टात गेली. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. नुसतं म्हणाले की हल्ली कशाचेही मोर्चे निघतात. त्यावर पप्पा हसले.

मी परत जाऊन रांगेत चालायला लागलो. अजिंक्यने विचारलं, तुझे पप्पा कुठे आहेत? गर्दीचा त्रास होतोय, मागे थांबलेत, असं मी सांगितलं. म्हणजे मीही खोटंच बोललो.

परतताना मी गाडी चालवत होतो, पप्पा शेजारी, अजिंक्य मागे. माजिवडा सुटल्यावर मी म्हणालो, मी ऐकलं सगळं.

त्यांनी शेजारची काच खाली केली. मग म्हणाले, "मोरे मला चाळीस वर्षं ओळखतात, संदेश."

"मी छत्तीस," मी म्हणालो.

दुर्गाडीचा पूल येईपर्यंत अजिंक्य काय ते समजून गेला. घरी पोचल्यावर त्याने सामान भरलं आणि पप्पांना वाकून नमस्कार केला. काका, तब्येतीला जपा, असंही म्हणाला. त्याचा मला त्या क्षणी फार राग आला. आईने डबा दिला. पप्पा जिन्यापर्यंतसुद्धा आले नाहीत.

पुण्यात आल्यावर बारा दिवस मी घरी फोन केला नाही. तेराव्या दिवशी पप्पांचाच आला. आवाज उत्साही होता. कुठल्या तरी लांबच्या देशात कोर्टाने अशा लग्नांना परवानगी दिल्याची बातमी त्यांनी वाचलेली. त्या देशाचा इतिहास, तिथलं सरकार, लोकांचा लढा, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "तुमच्या लोकांसाठी चांगली गोष्ट आहे. माणसं जागी होतायत."

मी विचारलं, "मोरेकाकांना सांगितलीत ही बातमी?"

पलीकडे टीव्हीवर कोणीतरी मेलेल्यांचे आकडे सांगत होतं.

"आईला देतो," पप्पा म्हणाले.

आईने फोन घेतला आणि विचारलं, जेवलास का. अजिंक्य जेवला का, हेही विचारलं. मी हो म्हणालो.

घरी घेऊन जावं का, असं विचारणाऱ्यांना काय सांगू? रस्ता चांगला आहे. शीळफाटा सोडला तर कुठे अडकायला होत नाही. अजिंक्य पुन्हा येणार नाही म्हणतोय, आणि मी त्याला आग्रह करणार नाहीये.