आडी लावलेलं घर

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीच्या गेटपासून जानीच्या पाड्यापर्यंत रिक्षाने जेमतेम वीस मिनिटं. आणि मी, सिंगापूर-दुबई करून आलेली बाई, वीस वर्षांत एकदाही तिकडे फिरकले नव्हते. जानी आमच्या गेटपाशी रानभाज्या विकते. परवा रडवेली होऊन म्हणाली, "ताई, पाड्यातल्या घरांच्या मोजणीत माझं घर रिकामं लिवलंय. मंगळवारी साहेब परत बघायला येनार. तुम्ही याल?" यादीत नाव नसलं तर उद्या तिला तिथून उठवतील, हे मलाही कळत होतं. मंगळवारी निघाले.

डांबर संपलं तिथे रिक्षावाल्याने हात वर केले. "आगे नहीं जाएगा, मैडम." पुढे चिखलाची पायवाट. दहा पावलांत चपलेचा अंगठा तुटला. घ्या! एक चप्पल पायात, एक हातात, अशी माझी स्वारी पाड्यावर पोचली.

वारल्यांची वीस-पंचवीस घरं. काही पत्र्याची, काही कुडाची (कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेल्या भिंतींची). मागच्या उतारावर भाताचे चार तुकडे, त्यावर झाडी, आणि वळून पाहिलं तर आमच्याकडचे टॉवर. माणसं मात्र तुरळक.

"गेली कुठे सगळी?" मी विचारलं.

"कामाला. बाप्ये बागकामाला, वॉचमनकीला. बाया भाजी घेऊन, नायतर धुण्याभांड्याला."

"भातावर नाही भागत?"

"होळीपर्यंत पुरतो. मग तुमच्या बिल्डिंगी," जानी हसली.

चार-पाच दारांना नुसती एक काठी आडवी लावलेली होती. तिला ही माणसं आडी म्हणतात. आडी दिसली की घरात कुणी नाही असं समजायचं आणि आत जायचं नाही. कुलूप कुणाच्याच दाराला नव्हतं.

आता उलगडा झाला. मोजणीच्या दिवशी बाकीच्यांनी घरात एकेक माणूस ठेवलं होतं. जानी एकटी राहते. मोजणीवाल्याला ना कुलूप दिसलं ना माणूस, त्याने 'रिकामे' लिहून टाकलं.

"पण तू का नाही थांबलीस गं त्या दिवशी?"

तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. मग हळूच म्हणाली, "निघालेच होते की. तुम्ही करटुली चिरून मागितली ना."

अगं आई गं! आठवलं. करटुली, ती काटेरी हिरवी रानभाजी. "जाते ताई, मोजणी हाय," म्हणून ती टोपली उचलत होती आणि मी म्हटलं होतं, "जाशील गं, आभाळ कोसळतंय का? पाहुणे यायचेत माझ्याकडे. बिया काढून, बारीक चिरून दे." चांगला तासभर बसवली तिला. लाज वाटली मला.

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलून काय? खा तुम्ही."

दुपारी साहेब आले. घामाघूम, पण माणूस सरळ. "त्या दिवशी कुलूप नाही, माणूस नाही, चूल थंड. मी काय लिहिणार, सांगा?"

"आता लिहा," मी म्हटलं. "त्या सकाळी ही आमच्या गेटपाशी बसून माझी भाजी चिरत होती. मीच थांबवून घेतली. कुठे सही करू?"

त्यांनी चुलीतली ऊब पाहिली, भाताच्या कणगीत हात घातला, माझी सही घेतली आणि जानीचं नाव लिहिलं. जाताना म्हणाले, "मावशी, कुलूप लावत जा."

माझ्या चपलेला जानीने वाखाची दोरी बांधून दिली. तेवढ्यावर मी घरी पोचले.

दुसऱ्या दिवशी ती गेटपाशी आली. "ताई, जुनं कुलूप हाय?" मी किल्लीसकट दिलं. कुलूप तिने टोपलीत टाकलं, किल्ली परत माझ्या हातात ठेवली. "मी नाय बंद करनार. साहेबाला दिसायला नुसतं लटकवते. आडी हाय की."

ती किल्ली आता माझ्या जुडग्यात आहे. जानीला एक गोष्ट मात्र मी अजून सांगितलेली नाही. त्या दिवशी पाहुण्यांनी करटुलीला हातसुद्धा लावला नव्हता.