टेपमागची टकटक

मैत्रिणीची मुलगी लातूरहून नांदेडला माझ्याकडं आली ती एक जुना टेपरेकॉर्डर आणि पिशवीभर कॅसेट घेऊन. मैत्रीण जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. दारातच मी म्हणाले, "अगं, लोक मावशीकडं येताना पेढे आणतात."

ती हसली नाही. "मावशी, आईचा आजारपणातला आवाज हाय माझ्या मोबाईलात. पाणी दे, खिडकी लाव. तसला नको. ती पोरगी होती तवाचा पाहिजे. एकदाच ऐकायचाय. ह्यात असंल ना?"

"असंल म्हणजे? गप बसायची व्हय ती!" मी छातीठोकपणे सांगून टाकलं.

मैत्रीण उदगीरची, जन्मापासून आंधळी. हा शब्द तिचाच. 'अंध' म्हटलं की म्हणायची, "सरकारी झालीस का गं?" मी बिलोलीकडची. डोळे शाबूत, अक्कल बेताची. लातूरच्या कॉलेजात शिकताना वसतिगृहात आम्ही एकाच खोलीत पडलो. कॉलेजची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळायची नाहीत. कुठल्याशा संस्थेनं तिला हा टेपरेकॉर्डर दिला होता. मी पुस्तक मोठ्यानं वाचून कॅसेटमध्ये भरायचं आणि तिनं ते ऐकून पाठ करायचं, असा आमचा अभ्यास.

आता त्या वाचणारणीचं, म्हणजे माझं, काय सांगू! घरी 'लई' आणि 'न्हाई' करणारी ही बया लाल बटन दाबलं की रेडिओवर बातम्या द्यायला बसल्यासारखी व्हायची. घसा खाकरायची, पदर सारखा करायची. टेपला काय पदर दिसतो? 'ण' म्हणताना तर जीभ मुरगळेल की काय असं वाटायचं. मैत्रीण हे ऐकून फिसफिसायची आणि मी खटकन टेप बंद करायची. सेल लवकर उतरायचे, कॅसेट मोजक्या. "बोलू नको गं, सगळं त्यात भरतंय!"

पुढं ती शिक्षिका झाली. तिच्या वर्गातल्या न दिसणाऱ्या पोरी मोबाईलवर पुस्तकं ऐकायला लागल्या, तेव्हा तिनं मुद्दाम फोन केला. "तुझी नोकरी गेली बाई. ही मोबाईलमधली वाचताना मधीच शेंगा खायला उठत न्हाई." मी रुसले. ती खदखदून हसली. तेच हसणं आता तिच्या मुलीला पाहिजे होतं.

फीत सैल झाली होती. पेन्सिल घालून घट्ट केली आणि टेप लावली. जमीनमहसुलाचा इतिहास सुरू झाला.

"मावशी, ह्या तुम्ही?" मुलीच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. "पार पुण्याच्या वाटताय."

"पुण्याची कशाची! गिरणीत दळण घेऊन उभी राहिले तर कुणी वळखलं नसतं मला त्या आवाजात."

एक बाजू संपली. दुसरी लावली. मग दुसरी कॅसेट, तिसरी. शेतसारा, दुष्काळ, इनामं, सगळं माझ्याच तोंडून. मधेच मी म्हणायची, "हसू नको, परत वाचावं लागतंय," आणि खट. ती हसली होती एवढं कळायचं, पण हसणं नव्हतं. कुठंतरी तिनं श्वास घेतल्यासारखं वाटायचं, आम्ही दोघी पुढं वाकायचो, आणि खट. माझं बोट फार चपळ होतं त्या वयात.

चहा तसाच गार झाला. मुलगी मांडीवर हात ठेवून बसली होती. "सगळ्यात तुम्हीच हायत, मावशी," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं.

तिनं टेप बंद करायला हात पुढं केला, आणि थांबली. "ही टकटक कशाची? फीत खराब झाली का?"

मी कान लावला. माझ्या त्या नटव्या आवाजाच्या मागं, बारीक. टक टक, टक.

"राहू दे," मी म्हणाले. "ही तुझी आई हाय."

बोलायची बंदी झाल्यावर ती ब्रेलची पाटी मांडीवर घ्यायची आणि टोचणीनं जाड कागदावर टिंबं पाडत मला द्यायचे टोमणे लिहून ठेवायची. टेप थांबली की कागद उलटा करायचा, बोट फिरवत मला वाचून दाखवायचं. 'ठोंबे, ओळ गाळलीस.' 'आज आवाज बसलाय, कैऱ्या कमी खा.' मग ते कागद आम्ही स्टोव्ह पेटवायला घ्यायचो.

मुलीनं टेपरेकॉर्डर उचलून कानाशी धरला. टेपमधली मी 'रयतवारी'ला अडखळले, तशी टकटक जोरात झाली.

"काय म्हणतीय?"

टिंबं बोटाला कळतात. आवाजावरून काय कळणार! जन्मभर मला कशालाच उत्तर कमी पडलं नाही. एखादा टोमणा रचून सांगितला असता तर पोरीला खराच वाटला असता.

"माहीत न्हाई गं. मला शिव्याच असतील."

तिनं फीत मागं घेतली. पुन्हा रयतवारी, पुन्हा माझं अडखळणं आणि त्याच्या मागं तिच्या आईची टकटक, घाईघाईनं. मग टकटक थांबली. कागद संपला असावा. मी मात्र पुढं वाचतच होते.