प्रल्हादला दिलेलं रिव्हॉल्व्हर

२००४ च्या मार्चमध्ये आमची बटालियन राजौरी सेक्टरमध्ये होती. मी ब्राव्हो कंपनीचा सीनियर जेसीओ, सुभेदार फुलसिंग राठोड. नोकरीची सव्वीस वर्षं झाली होती, दोन उरली होती. पोस्टवर पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे प्रत्येक जवान हत्यार घेऊन आपापल्या मोर्च्यात सज्ज. साडेसहाला चहा. सातला हत्यारांची मोजणी. आठला पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, बाहेर पडायचं आणि बाराला परत यायचं. ते परत येईपर्यंत मी जेवत नसे.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. फौजेत आजारी जवानाला डॉक्टर चिठ्ठी देतो. परेड माफ, बूट माफ. तिला आम्ही एक्सक्यूज म्हणतो. मला त्या चिठ्ठीची चीड होती. एक्सक्यूजवाल्याला मी नावानं हाक मारत नसे, "आइए, लंगडे साहब" म्हणे. पोरं हसायची. मला वाटायचं, मी शिस्त शिकवतोय.

माझं घर सेनगावकडच्या एका तांड्यावर. घरी याडी, म्हणजे आई, धाकटा भाऊ प्रल्हाद, त्याची बायको कमळा आणि दोन लेकरं. मी लग्न केलं नाही; फौजेशी झालं तेच पुरे होतं. प्रल्हाद माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. दहावी पास, अक्षर मोत्यासारखं. तो गावचा पोलीस पाटील झाला तेव्हा सगळ्या तांड्याला गूळ वाटला होता.

रिव्हॉल्व्हर माझं होतं. नायब सुभेदार झालो त्या वर्षी, १९९७ साली, रीतसर लायसन काढून सरकारी कारखान्यातून घेतलं. बत्तीस बोअर, सहा गोळ्यांचं. गरज काही नव्हती. खरं सांगायचं तर मिरवायला घेतलं. युनिटमध्ये असलो की ते शस्त्रागारात जमा, सुटीवर आलो की कमरेला. प्रल्हाद दुरूनच बघायचा. हात लावू का, असं त्यानं कधी विचारलं नाही.

२००० साली सेनगावात बाजारच्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, सीट भरण्यावरून दोन जीपवाल्यांचं भांडण झालं. एका जीपवर दोघे भाऊ होते. त्यांनी दुसऱ्या जीपच्या ड्रायव्हरला लोखंडी टॉमीनं डोक्यात मारून जागेवर संपवलं. अड्ड्यावर दीडशे माणूस असेल. पोलीस आले तेव्हा कुणी लघवीला गेलं होतं, कुणाला उन्हानं दिसलंच नव्हतं. जबाब दिला एकट्या प्रल्हादनं. तो म्हणाला, "मी पोलीस पाटील हाय. मी न्हाई बोललो तर कोण बोलंल?"

दोघे भाऊ तीन महिन्यांत जामिनावर सुटले. मग सुरू झालं. प्रल्हाद सायकलवरून निघाला की मागून जीप यायची आणि त्याला घासून जायची. एकदा तो खड्ड्यात पडला, मनगट मोडलं. जीप थांबली. आतून आवाज आला, "पाटील, तारखेपर्यंत हातपाय नीट ठेवा."

मी सुटीवर आलो तेव्हा याडी माझ्यापुढं बसली. "तुझं ते हत्यार त्याला दे," म्हणाली. आम्ही घरात गोरमाटी बोलतो. इथे मी मराठीत लिहितोय.

"असं देता येत न्हाई, याडी. त्याच्या नावावर लायसन पाहिजे."

"भाऊ हाय ना तुझा?"

"भाऊ असला म्हणून काय झालं? उद्या पोलिसांनी त्यालाच धरलं तर?"

कायदा साधा आहे, पण लोकांना माहीत नसतो म्हणून लिहितो. आपलं लायसनचं हत्यार भावाला बक्षीस देता येतं. मात्र आधी भावाचं स्वतःचं लायसन हवं. मग देणाऱ्यानं लेखी कळवायचं, की हे हत्यार, हा नंबर, या माणसाला देतोय. कळवल्यापासून पंचेचाळीस दिवस थांबायचं. त्यानंतर ते एकाच्या लायसनवरून उतरतं आणि दुसऱ्याच्या लायसनवर चढतं. एवढंच. आम्हाला या एवढ्याला अडीच वर्षं लागली.

प्रल्हादच्या अर्जाची चौकशी झाली, फेरचौकशी झाली. "जीवाला धोका आहे याचा पुरावा काय?" असं विचारलं गेलं. त्यानं मोडलेलं मनगट दाखवलं. ते सायकलवरून पडल्याचं निघालं. माझं लायसन जुन्या परभणी जिल्ह्यातलं, मधल्या काळात आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झालेला. माझी फाईल या दोन गावांच्या मध्ये कुठंतरी बसली होती. इकडे म्हणत तिकडे आहे, तिकडे म्हणत इकडे पाठवली. माझ्या दोन सुट्या त्यात गेल्या. चकरा मारून जोडे झिजले, पण मी कुणाला चहासुद्धा पाजला नाही. सगळं सरळ मार्गानं केलं, आणि मला त्याचा मोठा अभिमान होता.

२००३ च्या जूनमध्ये पंचेचाळीस दिवस पुरे झाले. सकाळी अकरा वाजता दोन्ही लायसनांवर शिक्के पडले. त्या संध्याकाळी मी प्रल्हादला माळावर नेलं, रिव्हॉल्व्हर उघडायचं कसं, रिकामं तपासायचं कसं ते शिकवलं. वीसदा करून घेतलं. तो घामाघूम झाला होता. मग ते मी दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिलं. तो पाया पडला. म्हणाला, "भिया, आता मी साक्ष देतो बघ."

पुढचे नऊ महिने जीप त्याच्या जवळ आली नाही. त्याला बघितलं की ड्रायव्हर वेग वाढवायचा आणि निघून जायचा. प्रल्हादनं एकही गोळी उडवली नाही. कमरेला ते आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढं पुरत होतं.

मग निवडणुका लागल्या.

कंपनी मुख्यालयात जवानांसाठी टेलिफोन होता. रविवारी दुपारी प्रत्येकाला तीन मिनिटं. मी चार वाजता गावातल्या पीसीओवर फोन लावायचो, प्रल्हाद तिथं येऊन बसलेला असायचा. त्या रविवारी त्यानं याडीच्या तब्येतीचंसुद्धा सांगितलं नाही.

"भिया, इलेक्शनमुळं हत्यार ठाण्यात जमा करा म्हणून निरोप आलाय."

"मग कर."

"कोर्टाची तारीख बी त्याच दिवसांत हाय. माझी साक्ष. ठाण्यातला हवालदार म्हणून राहिला, तुमाला धोका हाय, अर्ज द्या. कमिटी बसती. सूट भेटंल."

"सूट?"

"व्हय. मग जमा करावं लागत न्हाई."

"अजून कोणी मागितली?"

"दोघातिघांनी. पुढारी हायत."

"आन् तू त्यांच्या रांगेत उभा राहणार? फौजीचा भाऊ तू. आदेश आला की पाळायचा. सूटबिट मागायची न्हाई."

"भिया, तसं न्हाई, थोडी तकलीफ..."

"जमा कर. पावती घे. संपलं."

तो म्हणाला, "बराबर हाय."

माझ्या तीन मिनिटांतली चाळीस सेकंदं उरली होती. ती मी मागच्या शिपायाला दिली. परत वर पोस्टवर चढताना मी खूश होतो. भावाला मी वाकू दिलं नाही, असं मला वाटत होतं.

प्रल्हादनं दुसऱ्याच दिवशी हत्यार जमा केलं. ठाण्यासमोर चहाचं हॉटेल आहे, तिथं दिवसभर माणसं बसलेली असतात. प्रल्हाद कमरेला हत्यार लावून आत गेला आणि हातात कागद घेऊन बाहेर आला, हे सगळ्यांनी पाहिलं. कुणी चुगली करायचीही गरज पडली नाही.

अकरा दिवसांनी, सकाळी दहा चाळीसला, आमच्या पोस्टवरच्या वायरलेस ऑपरेटरनं मला बोलावलं. सेटवर आमचे कंपनी कमांडर मेजर साहेब होते.

"राठोड साहब, घर से मेसेज है. ओव्हर."

"बोलिए सर. ओव्हर."

"आपके भाई नहीं रहे. ओव्हर."

"कैसे? ओव्हर."

"मर्डर. कल सुबह. ओव्हर."

मी बटण दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

"रॉजर. ओव्हर."

"नीचे आ जाइए. गाडी तैयार है. ओव्हर."

"सर, पेट्रोल बाहर है. बारा बजे लौटेगा. गिनती करके निकलूँगा. ओव्हर."

"ठीक है साहब. आउट."

बारा वाजून पाच मिनिटांनी पेट्रोल आलं. मी माणसं मोजली, हत्यारं मोजली, मगच पाठीवरचा पिट्टू उचलला. आज लोक याचं कौतुक करतात. मला ते नको वाटतं. मला मोजण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

तांड्यावर पोचायला तीन दिवस लागले. तोपर्यंत राखसुद्धा सावडून झाली होती.

कसं झालं ते मला रस्त्यालगत हळद वाळत घालणाऱ्या एका बाईनं सांगितलं. मला सांगितलं, कोर्टात सांगणार नाही, हेही सांगितलं. सकाळी नऊला प्रल्हाद सायकलवर सेनगावकडे निघाला होता. जीप समोरून आडवी आली. चौघे उतरले, कुऱ्हाडी होत्या. "पाटलाचा हात पहिला कमरंला गेला," ती म्हणाली. "तिथं काय बी नव्हतं, साहेब. मग त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले."

आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर पदर चेहऱ्यावर ओढते आणि त्याच्याशी बोलत नाही. कमळाला या घरात येऊन पंधरा वर्षं झाली होती. तिचा चेहरा मी धड पाहिला नव्हता, आवाज फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता. त्या दिवशी मी ओट्यावर बसलो होतो. ती बाहेर आली, पदर मागं टाकला आणि माझ्यासमोर उभी राहिली. याडी "अगं, अगं" म्हणत राहिली.

"त्येनी अर्ज लिहिला व्हता," कमळा म्हणाली. "सूट मागायचा. सही तेवढी राहिली व्हती. तुमच्याशी बोलून आले आन् फाडून चुलीत घातला."

तिनं पदर पुन्हा ओढला नाही.

"तुमी तिकडं बंदूक घेऊन बसले व्हते ना? मग त्येला काहून रिकाम्या हातानं पाठवलं?"

सव्वीस वर्षांत मला कुणी असा सवाल केला नव्हता.

जीपवाल्याच्या खुनाच्या खटल्यात साक्षीदारच उरला नाही. दोघे भाऊ सुटले. प्रल्हादच्या खटल्यात कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणून ते चौघेही सुटले. त्यांची जीप अजून त्याच रस्त्यावर चालते. मी एसटीची वाट बघतो.

त्या निवडणुकीचा निकाल लागल्यावर ठाण्यातून घरी पत्र आलं. निवडणूक संपली आहे, लायसनधारकानं आपलं हत्यार घेऊन जावं. पत्र प्रल्हादच्या नावानं होतं. मी युनिफॉर्म घालून गेलो. तिथला अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, "साहेब, अर्ज करा. पुन्हा तुमच्या नावावर करून देऊ. जास्त वेळ लागणार नाही." जास्त वेळ लागणार नाही! मी लिहून दिलं की घरात कुणालाच ते नको, सरकारजमा करावं. तो म्हणाला, चांगलं हत्यार आहे, विचार करा. मी म्हणालो, विचार झाला.

२००६ मध्ये मी निवृत्त झालो. दर पंधरा ऑगस्टला तालुक्याच्या शाळेत मला झेंड्याला बोलावतात आणि हुतात्म्यांची नावं घ्यायला सांगतात. माझ्या कंपनीतले दोघे मी घेतो. लान्स नाईक विठ्ठल कदम, सुरुंगाच्या स्फोटात. शिपाई अनिल वाकळे, पेट्रोलवर. दोघेही माझ्या हुकमावर बाहेर पडले होते. त्यांच्या आईबापांसमोर मी उभा राहू शकलो, कारण तो हुकूम मलाही वरून आलेला होता.

तिसरं नाव मी मोठ्यानं घेत नाही. ते कुठल्या दगडावर कोरलेलं नाही, त्याला पदक नाही, त्याच्या बायकोला फौजेची पेन्शन नाही. प्रल्हाद हरी राठोड, पोलीस पाटील, वय अडतीस. आदेश पाळताना पडला. तो आदेश सरकारचा म्हणता येत नाही, सरकारनं सूट ठेवली होती. तो माझा होता.