हळदीचे डाग आणि सरकारी अनुदान

जुने कागद जतन करून छापण्यासाठी सरकारी अनुदान मंजूर झाले, तेव्हापासून मी जरा ताठच चालत होतो. निवृत्त शिक्षक, त्यात मोडी वाचणारा, आणि आता पुस्तकाचा संपादक! नगरला एसटीत बसल्याबसल्या कंडक्टरलाही हे सांगून टाकले. कोल्हार येताच तो चहाला उतरला, बहुधा माझ्यामुळेच.

राहात्याला पेरू घेतले, तिथेच दोन खाल्ले, हात धुऊन हातरुमालाला पुसले. हा ओला हातरुमाल पुढे मला भोवला. रिक्षाने पुणतांब्याला पोचलो. समोर गोदावरी होती, पण माझ्या मनात स्वतःच्याच पुस्तकाची प्रस्तावना चालली होती.

ज्यांचे कागद पाहायला आलो होतो त्या पार्वताबाई साठीच्या, उसाला पाणी देऊन नुकत्याच घरी आलेल्या. त्यांच्याकडचे दप्तर (जुन्या कागदांचे कापडी गाठोडे) दर दसऱ्याला खुरप्या-कोयत्यांबरोबर हळद लावून पूजेला मांडतात. पिठलं-भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "सर, आमची हीर (विहीर) सगुनाबाईनं बांधली. लोक हासत्यात, म्हनत्यात बाईमानूस कुठं हीर बांधतं व्हय? पन कागदात नाव हाय. तेवढं छापा."

कागद उघडला. हळदीच्या थराखाली 'सगुणाबाई' अंधुक वाचता आले. तेवढ्यावर थांबायचे, तर मी कागद कसे जपावेत यावर व्याख्यान झोडले. "कागदाला कुणी हळद लावतं का?" असे म्हणत त्याच हातरुमालाने डाग पुसू लागलो. हळद गेली. तिच्याबरोबर शाईही गेली आणि नावाच्या जागी काळपट ओघळ उरला.

"बाई, नाव पुसलं गेलं. माझ्याच हातानं."

त्यांनी कागद माझ्या हातून काढून घेतला. "इतकी वर्सं हळद लावली, तवा न्हाई गेलं," एवढेच म्हणाल्या.

मग त्यांनी ती ओळ घडाघडा म्हणून दाखवली. सासरे दसऱ्याला पूजेआधी कागद मोठ्याने वाचत, ते ऐकून पाठ झालेली: "सगुणाबाई यांनी विहीर बांधिली, पाणी गावास मोकळे." मी ती लिहून घेतली.

"आता छापत्याल का पन?" त्यांनी विचारले.

परतीच्या एसटीत अनुदानाचा तक्ता भरायला घेतला. 'कागदाच्या हानीचे कारण' या रकान्यात वाळवी, उंदीर आणि ओल असे पर्याय छापलेले होते. ओल म्हटले तर खोटेही नव्हते. त्यावर पेन टेकवलेसुद्धा. पण मग कागदावर नाव होते आणि ते कुणी वाचले होते, हे कोण सांगणार? तिन्ही पर्याय खोडून मी 'संपादक' असे लिहिले. आता अनुदान परत मागतील, तर मागोत. खाली जोडले, "पुसण्यापूर्वी 'सगुणाबाई' हे नाव मी स्वतः वाचले आहे," आणि साक्षीदाराच्या जागी पुसणाऱ्याने सही केली.