माप न विचारणारे हात

साबणाच्या फेसाचा वास आला की मला सिन्नरच्या आमच्या घराची ओसरी आठवते. तिथे बसून आई बांगड्या भरायची. गावात कासारणी आणखीही होत्या, पण नवरीचा हिरवा चुडा भरायला सगळ्यांना तीच लागायची. वडील गेले, तिने स्वतःच्या बांगड्या उतरवल्या आणि नवऱ्या यायच्या बंद झाल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही, एवढंच. अशात एका दुपारी सिन्नरचीच माहेरवाशीण, चांदवडला दिलेली एक बाई, लग्न ठरलेल्या लेकीला घेऊन जीपमधून उतरली. कांदे काढून काढून पोरीचे हात पार राठ झालेले. आई बांगड्यांच्या टोपलीला हातही न लावता म्हणाली, "बाई, शेजारणीला बोलावते. माझ्या हातनं चुडा नको." बाईने ओसरीवर बसकणच मारली. "माझा चुडा कुनी भरला व्हता? तुमीच ना? मंग हिचाबी तुमीच भरा." आईने माप विचारलं नाही. पोरीचा पंजा नुसता दाबून पाहिला, फेस चोळला, अंगठा अलगद आत वळवला. एकही बांगडी वाढली नाही, साधी पिचलीसुद्धा नाही. पोरगी पाया पडली तेव्हा आशीर्वादाला निघालेला आईचा हात मधेच अडखळला; पोरीनेच तो धरून आपल्या डोक्यावर ठेवला. आईला जाऊन आता वर्ष होईल. परवा शहरात गंगापूर रोडच्या बांगड्यांच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, साइज काय?" मी नुसता हात पुढे केला. माझे केस पिकले, तरी माझ्या हाताचं माप मला ठाऊकच नाही.