गोठलेली अँटिबॉडी

उज्वलाताईंना स्वच्छतेचं वेड आहे आणि ते आम्हा सगळ्यांना छळतं. आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्या जुन्या टेक्निशियन. मी काउंटरवर बसतो, तर माझा पेनसुद्धा त्या पुसून ठेवतात. खंडेनवमीला तर विचारूच नका. मशिनांची पूजा करायची म्हणून मायक्रोस्कोपपासून फ्रीजपर्यंत सगळं घासूनपुसून लख्ख!

यंदाही झेंडू मखमलाबादच्या फुलवाल्या सखुबाईंनीच आणून दिला. सखुबाईंच्या छातीतल्या गाठीचा तुकडाही तेव्हा आमच्याकडेच आलेला होता. कॅन्सर असल्याचं ठरलं होतं. आता बघायचं होतं, की पेशींमध्ये इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारा रिसेप्टर आहे का. असला तर हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांचा मोठा आधार मिळतो, नसला तर तो मार्गच बंद. हा रिसेप्टर हुडकायला बाटलीत मिळणारी अँटिबॉडी वापरतात. ती त्याला चिकटली, की रंग दिल्यावर तिथे तपकिरी दिसतं.

दसऱ्यानंतर ताईंनी स्लाइड केली. सगळी निळी, तपकिरी नावालाही नाही. ताईंचा चेहरा पाहून मला काय ते कळलं. मग त्यांनी सोबत केलेली कंट्रोलची स्लाइड लावली. तो तुकडा रिसेप्टर नक्की असलेल्या जुन्या गाठीचा, दर वेळी तपकिरी व्हायलाच हवा.

"अहो, हीसुद्धा निळीच!" ताई इतक्या आनंदाने ओरडल्या, की रक्त द्यायला बसलेले आजोबा दचकले.

म्हणजे दोष अँटिबॉडीत होता, सखुबाईंचा निकाल अजून लागलाच नव्हता. ताईंनी फ्रीज उघडला. आतल्या बाटल्या दगडासारख्या गोठलेल्या, आणि गोठली की अँटिबॉडी निकामी होते. पूजेआधी पुसताना थंडाव्याचं बटण फडक्याबरोबर शेवटपर्यंत फिरलं होतं. वापरलेली बाटली सकाळी घाईत टेबलावर काढून ठेवल्याने स्लाइड करेपर्यंत वितळली होती, म्हणून कळलं नाही. ताई स्वतःहून डॉक्टरांकडे गेल्या, यथेच्छ बोलणी खाल्ली आणि हसत बाहेर आल्या. स्वतःच्या चुकीवर इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मुंबईहून नवी बाटली येईपर्यंत मात्र हसू टिकलं नाही. ताईंचा डबा उघडलासुद्धा जाईना.

नव्या बाटलीने पुन्हा स्लाइड केल्या. कंट्रोल छान तपकिरी झाली. आता पळवाट उरली नव्हती. सखुबाईंची स्लाइड लावून ताई क्षणभर डोळे मिटून बसल्या, मग वाकल्या.

"तपकिरी आहे रे," त्या म्हणाल्या. "भरपूर आहे."

मला एकदम मोकळं वाटलं. डॉक्टरांनी पाहिलं, सही केली आणि ताईंनी लगेच फोन लावला. "सखुबाई, रिपोर्ट चांगला आलाय. तुम्हाला गोळ्या लागू पडतील. बाकीचं तुमचे डॉक्टर सांगतील."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून सखुबाईंचा आवाज आला, "लय बरं झालं, ताई. पन तुमचा आवाज असा का येतोय? जेवल्या नाय का?"

तेव्हा कुठे उज्वलाताई रडल्या.